बाप्तिस्म्यापूर्वीची शंका

गेल्या पावसाळ्यात पेडण्याकडचा एक तरुण मजकडे आला. तो माझा विद्यार्थी नव्हे. परंतु शिक्षकाला सर्व प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतात, असा आपल्याकडे एक निष्पाप गैरसमज आहे. वर्ष-दीड वर्ष तो रविवारी मिस्सेला येऊन मागच्या बाकावर बसत असे. कॅथलिक व्हावे असे त्याच्या मनाने घेतले होते. तथापि दोन-तीन गोष्टी त्याला पटत नव्हत्या. त्याची आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालते. ती चुकते आहे असे म्हणण्यास त्याची जीभ रेटत नव्हती. तो म्हणाला, "मास्तर, शंका मनात ठेवून बाप्तिस्मा घेतला तर ते खोटे होईल ना? आणि शंका फिटण्याची वाट पाहत बसलो, तर मरेपर्यंत वाटच पाहत राहीन."

धर्मतत्त्वाचा निर्णय पाद्रींनी द्यावा. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. परंतु हा प्रश्न आपल्या भूमीत आजच प्रथम उत्पन्न झालेला नाही. त्याला जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने आज सांगतो.

श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळांनी दिवाडी बेटावरून नार्व्याची फेरी धरली असेल. मांडवीचा तो अरुंद प्रवाह ओलांडण्यास काही मिनिटेच लागतात. सोळाव्या शतकाच्या मध्यास कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर ह्याच वाटेने पलीकडे गेले. दिवाडीवरील देऊळ पाडले गेले होते, आणि पलीकडचा डिचोलीचा मुलूख पोर्तुगीजांचा नसून विजापूरच्या आदिलशहाचा होता. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सर्वश्रुत आहे. देवाबरोबर माणसेही गेली. जी मागे राहिली, त्यांचे १५६० च्या सुमारास, व्हाइसरॉय दों कोंस्तांतीनु द ब्रागांसा ह्यांच्या कारकिर्दीत, समुदायाने बाप्तिस्मे झाले.

त्या समुदायात उभ्या असलेल्या एखाद्या कुणब्याच्या मनात काय चालले असेल? कागदपत्रे त्याविषयी मुकी आहेत. पत्रे लिहिली ती मिशनऱ्यांनी, आणि त्यांत मिरवणुका आहेत, तोफांची सलामी आहे, शंका नाही. शंकेला तेथे वेळच नव्हता. एका बाजूस पद आणि मान होता. गोव्याच्या हिंदू समाजातील एक पुढारी लोकू हा १५४८ मध्ये ख्रिस्ती होऊन लुकास द सा झाला, तेव्हा गव्हर्नर गार्सिया द सा ह्यांचे आडनाव त्याला लाभले. दुसऱ्या बाजूस देऊळ नाहीसे झालेले, आणि आईबाप व आजाआजी गमावलेल्या पोरक्या मुलांना सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करण्याची १५५९ ची राजाज्ञा. लोकूची श्रद्धा खरी नव्हती, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु ती खरी होती की नाही हे त्याला स्वतःला तरी निवांतपणे पारखता आले असेल काय, हा प्रश्न उरतोच.

१५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने, जुलूम करून वा धमकी देऊन कोणासही ख्रिस्ती करू नये, असा ठराव केला. त्याच परिषदेने हिंदूंचे सण, देवळे व पुरोहित ह्यांविरुद्धही कडक ठराव केले! एका हाताने दार उघडे ठेवावयाचे आणि दुसऱ्या हाताने खोलीतील दिवा मालवावयाचा, अशातला हा प्रकार. मी कॅथलिक आहे, आणि हे वाक्य उच्चारताना मला सुख होत नाही.

ह्याहून गंभीर बाब पुढेच आहे. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय गोव्यात स्थापन झाले. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. पाखंडाचा खटला भरावयाचा तो बाप्तिस्मा झालेल्या माणसावर. हिंदूवरही हे न्यायालय हात टाकी, पण निराळ्या आरोपांखाली. म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वी जी नुसती शंका होती, तीच बाप्तिस्म्यानंतर अपराध ठरे. अशा राज्यात शहाण्या माणसाने शंका फिटेपर्यंत थांबावे हे उघड आहे. आणि थांबू दिले जात नसेल तर नदी ओलांडावी. १७३६ च्या जाहीरनाम्यात इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतून ज्या चालीरीती निषिद्ध ठरविल्या, त्यांत अंगणातली तुळसदेखील होती. माझ्या तरुण मित्राची अडचण अशी पावणेतीनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

तरीही सर्वच मिशनऱ्यांना प्रश्न नको होते, असे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. ह्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचा आरंभच एका मागणीने होतो. एक ब्राह्मण पाद्रींस म्हणतो, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? पुढेही श्रोते कथा अडवून प्रश्न विचारतात, आणि पाद्री न रागावता उत्तर देतो. मराठी पुराणाची ही संवादाची रीत स्टीफन्सनी नुसती अलंकार म्हणून उचलली, असे मला वाटत नाही. साष्टीत कित्येक वर्षे काढलेल्या माणसाने असे प्रश्न प्रत्यक्ष ऐकले असणारच. बाप्तिस्मा झाला तरी प्रश्न संपत नाहीत, हे त्यांस पुरते कळले होते.

त्याच काळी दक्षिणेत, मदुरेस, रोबेर्तो दे नोबिली हे इटालियन जेझुइट संन्याशाच्या वेषाने राहत होते. १६०५ मध्ये गोव्यात उतरूनच ते पुढे गेले. तेथे एका मनुष्याने सुमारे वीस दिवस त्यांच्याशी वाद घातला आणि मगच बाप्तिस्मा घेतला. तो शाळामास्तर होता, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. नोबिलींनी नवख्रिस्ती ब्राह्मणांस शेंडी, जानवे व गंध ठेवू दिले म्हणून मोठे वादळ उठले. १६१९ मध्ये गोव्यात आर्चबिशपांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत बहुमत त्यांच्याविरुद्ध गेले. परंतु १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी, त्यांतील दैवतपूजेचा भाग वगळण्याच्या अटीवर, ह्या खुणांस परवानगी दिली. जे गोव्यास मानवले नाही ते रोमास मानवले.

आता पुन्हा दिवाडीकडे वळू. मातेउश द कास्त्रु हा ख्रिस्ती ब्राह्मण ह्याच बेटावरचा. गोव्यात त्याला पुरोहितदीक्षा मिळेना, तेव्हा तो खुष्कीने रोमास गेला. तेथे १६३० मध्ये पुरोहित आणि १६३७ मध्ये बिशप झाला. भारतीयांतील लॅटिन परंपरेचा हा पहिला बिशप. नेमणूक आदिलशाही मुलखासाठी होती, म्हणून त्याने ठाणे दिले ते डिचोलीस. ज्या बेटावरून देव गेला होता त्याच बेटावरचा बिशप शंभर वर्षांच्या आत त्याच महालात गेला, आणि दोघांच्याही जाण्यास कारण गोव्याची तीच सत्ता होती! कास्त्रु भांडखोर होता आणि त्याच्या राजकारणाचे समर्थन करवणार नाही. तथापि त्याच्या डिचोलीत एक गोष्ट होती, जी पणजीच्या बाजूस नव्हती. तेथे ख्रिस्ती होणाऱ्यास सरकारदरबारी काही मिळत नव्हते, आणि न होणाऱ्याचे काही जात नव्हते.

पुढे डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगीजांकडे आले. परंतु तोवर काळ पालटला होता. ह्या नव्या काबिजादींतील देवळे, धर्म व रूढी ह्यांस हात लावणार नाही, असे अभिवचन सरकारला द्यावे लागले. म्हणूनच आजही पेडणे-डिचोलीत ख्रिस्ती वस्ती थोडी. मराठी ही तिथे कीर्तनाची, शाळेची आणि आम्हा काही कॅथलिकांचीही भाषा आहे. येथे कोणी ख्रिस्ती झाला तर शेजारी चकित होऊन विचारतात, का? बार्देशात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तेथे उत्तर पणजोबांच्याही पलीकडे राहिले.

मराठी माणसाने शंकेसह बाप्तिस्मा घेतल्याची सर्वांत प्रामाणिक नोंद मात्र गोव्याबाहेरची आहे, आणि ती प्रॉटेस्टंट पंथातली आहे. नीळकंठशास्त्री गोरे काशीत मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघाले आणि १८४८ मध्ये जौनपुरास ख्रिस्ती झाले. शंकांनी त्यांची पाठ त्यानंतरही सोडली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मन वळविण्यात गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता. परंतु त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना तेव्हा पटला नव्हता. आपल्या गुरुभगिनींशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला, तो वाचताना कोणी शरण आलेली स्त्री बोलते आहे असे क्षणभरही वाटत नाही. आपणांस ख्रिस्ती धर्म आधी लाभला आणि ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी, असे त्यांनीच पुढे सांगितले. उलट लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या पाच वर्षे थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणून त्यांना कोणी कमी लेखलेले नाही.

कॅथलिक उदाहरण हवे तर जॉन हेन्री न्यूमन ह्यांचे घ्यावे. पहिली शंका १८३९ ची. प्रत्यक्ष प्रवेश ९ ऑक्टोबर १८४५ रोजी, आदल्या रात्री भर पावसात भिजत आलेल्या एका इटालियन पाद्रींच्या हातून. मधली सहा वर्षे त्यांनी स्वतःस तपासण्यात घालविली. अडचण आणि शंका ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हा त्यांचा पुढचा विचार प्रसिद्ध आहे. एखाद्या गणिताचे उत्तर मला काढता येत नाही म्हणून मी गणितशास्त्र खोटे मानीत नाही. अडचण ही अशी. परंतु मी शिक्षकावरच अविश्वास धरला, तर वर्गात बसण्यात अर्थ उरत नाही. मी तरुणाला म्हणालो, तुझ्यापाशी ह्यांपैकी काय आहे, ते तूच पाहा.

चर्चनेही आता घाई सोडली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा स्वीकारली, आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा विधी प्राचीन टप्प्याटप्प्यांच्या पद्धतीने पुन्हा प्रचारात आणला. आधी नुसती विचारपूस, मग शिकाऊ दीक्षार्थी म्हणून नावनोंदणी, मग महिनोगणती शिक्षण, आणि शेवटी पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. मधल्या कोणत्याही पायरीवरून मागे फिरता येते. १५६० च्या दिवाडीकरास असा एक महिना मिळता तर किती जण थांबले असते आणि किती जण तरीही पाण्यापर्यंत गेले असते, हे मला वारंवार मनात येते. काही जण निश्चित गेले असते, असे माझे मत आहे. त्यांच्यावर अन्याय झाला तो असा, की त्यांची निवड त्यांची होती हे आज कोणास सिद्ध करता येत नाही.

आजीचा प्रश्न मात्र ह्या सर्व इतिहासात सुटलेला नव्हता. इतरांच्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च अव्हेरीत नाही, असे त्याच परिषदेने म्हटले आहे, हे मी त्याला सांगितले. तो गप्प ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे आजीला कोणी सांगायचे?"

परवा तो म्हापशाच्या बाजारात भेटला. नाव नोंदविलेस का, असे मी विचारले नाही. त्याने होऊन सांगितले की, घरी सारे बोलून झाले. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती एवढेच म्हणाली, "माझ्यामागे तुळशीला पाणी तू घालशील की नाही, ते सांग."

त्याने अजून उत्तर दिलेले नाही.