उठलेल्या माणसाची कुळकथा

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे आहे. ज्ञानेश्वर तिथे आले, तेव्हा एक बाई नवऱ्याच्या प्रेतामागे सती जायला निघाली होती, अशी आख्यायिका आहे. तिने वाकून नमस्कार केला, त्यांच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद गेला आणि मेलेला नवरा उठून बसला. तेच सच्चिदानंदबाबा. परत आलेल्या या माणसाच्या वाट्याला लेखणीचं काम आलं. आख्यायिका कुणी मानो न मानो; शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखनिक म्हणून त्यांचं नाव आहे.

आपल्याकडचं उठलेलं प्रेत नुसतं भिववत नाही. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त प्रेतात शिरलेला वेताळ राजाला न्यायाचे पेच घालतो आणि अखेर कपटी साधूपासून त्याचा जीव वाचवतो.

झॉम्बीचं कूळ वेगळं. ते हैतीच्या उसाच्या मळ्यांतलं. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणवलेले गुलाम तिथे राबून राबून मरत. मेल्यावर तरी सुटका होईल ही त्यांची आशा. मांत्रिकाने प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपलं तर, ही धास्ती. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला, धास्ती मात्र उरली. तिथल्या लोकांना झॉम्बीची कीव येई. भीती वाटे ती स्वतः झॉम्बी होण्याची. जिभेला मीठ लागलं की त्याला आपण कोण ते आठवतं आणि तो थडग्याची वाट धरतो, असं ते सांगत. साखर कारखान्यांच्या नगर जिल्ह्यात, ऊसतोडीच्या टोळ्या पाहत वाढलेल्याला ही कथा परकी वाटू नये.

अमेरिकन सिनेमात ही करुणा आटत गेली. १९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’त उठलेली माणसं अजून साखरेच्या गिरणीत राबताना दिसतात. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये त्यांची नरभक्षक झुंड झाली. पण त्याच रोमेरोने १९८५ च्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये बब नावाचा झॉम्बी दाखवला. एक डॉक्टर त्याला धीराने शिकवतो. पुस्तक, वस्तरा, टेलिफोन हाताळताना बबमधला जुना माणूस हळूहळू जागा होतो. डॉक्टर मेलेला दिसताच तो कळवळतो.

उठलेला कसा निपजेल, हे त्याच्याकडून कोण, कशासाठी काम घेतं यावर ठरतं. ज्याला स्वतःची इच्छा बोलून दाखवता येत नाही, त्याला आपण राबवतो, मारून टाकतो की शिकवतो, यावर या कथा जिवंत माणसाची नीती जोखतात.