पदव्युत्तर शिक्षणात कमी ग्रेड मिळाल्यास: मनावरचा ताण आणि डॉक्टरांना कधी भेटावे

निकाल लागला आहे. एम.एस्सी., एम.टेक. किंवा एमबीएच्या एखाद्या विषयात तुम्ही ‘ए’ धरून चालला होतात आणि मिळाला ‘सी’. छातीत धडधडते, घास घशाखाली उतरत नाही, रात्रभर तेच अक्षर डोळ्यांसमोर येते. पहिले काही दिवस असे होणे हा आजार नाही. मोठा धक्का बसला की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. धडधड, घाम, भूक मंदावणे, झोप उडणे हा त्यांचाच परिणाम असतो. बहुतेकांना आठवड्याभरात उतार पडतो.

माझ्याकडे असे विद्यार्थी ‘मार्क कमी पडले’ म्हणून येत नाहीत. झोप लागत नाही, डोके दुखते, पोट बिघडते, अशा तक्रारी घेऊन येतात. निकालाचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो आणि तोवर घरी कुणालाही काही ठाऊक नसते. ग्रेडपेक्षा ती लपवण्याचा त्रास जास्त झालेला असतो.

हे एवढे का लागते?

पदव्युत्तर वर्गात बसलेले जवळपास सगळेच आपापल्या कॉलेजातले हुशार विद्यार्थी असतात. अनेकांच्या आयुष्यातली ही पहिलीच कमी ग्रेड असते, त्यामुळे ती पचवायची कशी याचा सराव नसतो. ‘मी इथे चुकून आलो, आता सगळ्यांना कळणार’ असे वाटू लागते. या भावनेला ‘इम्पोस्टर’ अनुभव म्हणतात. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन केले, तेही यशस्वी स्त्रियांचा अभ्यास करताना. म्हणजे असे वाटणे हा तुम्ही अपात्र असल्याचा पुरावा नाही.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी पट्टीच वेगळी असते. अमेरिकेतील बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सरासरी जीपीए ३.०, म्हणजे ‘बी’, टिकवावा लागतो. पदवीला खपून जाणारा ‘सी’ तिथे काळजीचा ठरतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि घरच्यांचा रोजचा व्हिडिओ कॉल यांचे दडपण वेगळेच.

आधी हिशेब मांडा

घाबरलेले मन आकडे फुगवून दाखवते, म्हणून कागदावर लिहा. समजा अभ्यासक्रम ८० क्रेडिटचा आहे आणि ४ क्रेडिटच्या विषयात ‘ए’चे ८ ऐवजी ‘सी’चे ५ गुणांक मिळाले. नुकसान झाले ३ गुणिले ४, म्हणजे १२. त्याला ८० ने भागले की एकूण सीजीपीए ०.१५ ने कमी होतो. वाईट वाटावे एवढे हे नक्कीच आहे, पण ‘करिअर संपले’ म्हणावे एवढे नाही. तुमचा हिशेब याहून वाईट निघाला, शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप अडचणीत येत असेल, तर विभागातल्या सल्लागार प्राध्यापकांना याच आठवड्यात भेटा. अमेरिकेत सरासरी ३.० च्या खाली गेली तरी बहुतेक ठिकाणी लगेच काढून टाकत नाहीत. सुधारण्यासाठी मुदत देतात.

फेरतपासणीची किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची मुदत मात्र निकालाच्या दिवशीच पाहून ठेवा. ती थोडी असते आणि मन सावरेपर्यंत निघून जाते. प्राध्यापकांना ई-मेल रात्री लिहिलात तरी सकाळी वाचून मगच पाठवा. ‘ग्रेड का कमी दिली?’ याऐवजी ‘माझे गुण कोणत्या भागात गेले?’ असे विचारा. पुढच्या परीक्षेला त्या उत्तराचा उपयोग होतो.

एका तरी माणसाला सांगा

पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाला सांगाच. आई-बाबांना सांगणे अवघड वाटत असेल तर ताई, मावशी, रूममेट, कुणीही चालेल. गोष्ट लपवली की माणूस फोन टाळू लागतो, मग वर्ग टाळतो, मग तोच विषय पुन्हा मागे पडतो. सांगायला एक वाक्य पुरते: ‘एका विषयात कमी पडले, मला आत्ता सल्ला नको, नुसते ऐक.’

झोप भरून काढण्यासाठी दुपारभर लोळू नका. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. कॉफीचा अंमल निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा अंगात असतो. झोपेसाठी दारू किंवा मित्राकडची गोळी घेऊ नका.

हा आजार तर नाही ना?

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकले, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. धक्क्यानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेला आणि रोजची कामे अडवणारा त्रास ‘समायोजन विकार’ही असू शकतो. त्यात बहुतेक वेळा समुपदेशन पुरते. नैराश्यावर औषध सुरू केल्यास गुण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत बंद करू नका.

कधी कधी क्रम उलटा असतो: आजार आधी, ग्रेड नंतर. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता यांनी थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. लहानपणापासूनचा एडीएचडी हुशारीच्या बळावर पदवीपर्यंत झाकला जातो आणि प्रबंधाचे काम स्वतः आखायची वेळ आली की उघडा पडतो. ‘आळशी झालास’ म्हणण्याआधी एवढे तपासायला हवे.

घरच्यांसाठी

‘त्यात काय एवढे’ आणि ‘शेजारच्या मुलाला किती पडले?’ ही दोन्ही वाक्ये मुलाचे तोंड बंद करतात. आधी जेवायला वाढा, ऐकून घ्या. फीचा विषय त्या आठवड्यात नको.

‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे, निरोपाचे मेसेज, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हा स्पष्ट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला किंवा तिला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि कीटकनाशके बाजूला करा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. मूल अमेरिकेत असेल तर तिथला क्रमांक ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३. हे दोन्ही तिथूनच लावायचे असतात, म्हणून मुलाच्या रूममेटचा नंबर तुमच्याकडे असू द्या.