काटकसरीचं तेल

भारतातून स्टावांगरला आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक प्रश्न ठरलेला असतो. रस्त्यावर बघावं तर विजेच्या गाड्या, आणि पगार बघावा तर तेलाचा. मग ही माणसं ढोंगी म्हणायची का? २०२४ मध्ये नॉर्वेत खपलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि त्याच वर्षी युरोपला सगळ्यात जास्त वायू विकणारा देशही नॉर्वेच होता. मी प्रोसेस इंजिनिअर, फोरुस भागातल्या एका तेल कंपनीच्या ऑफिसात बसते, तेव्हा या खटल्यात मीही आरोपी. पण इथे इतकी वर्षं काढल्यावर ढोंग म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. तेल काढणं आणि हवा सांभाळणं यांचं या देशात तीसेक वर्षं भांडणच नव्हतं. दोन्हींच्या मुळाशी एकच स्वभाव होता: काही वाया जाऊ द्यायचं नाही.

हा स्वभाव तेलाच्या आधीचा. स्टावांगर हे डबाबंद माशांचं गाव. जुन्या भागात, पांढऱ्या लाकडी घरांच्या ओळीत, एक कारखाना संग्रहालय म्हणून जपलाय. ब्रिस्लिंग नावाचे बोटभर मासे सळयांवर ओवायचे, भट्टीत धुरी द्यायची, मुंडकी उडवायची आणि बायकांनी ते एकेक करून डब्यात नीट रचायचे. डब्यांवरची रंगीत लेबलं गावातली पोरं गोळा करत, त्यांची अदलाबदल करत. ऐन भरात गावात असे पन्नासावर कारखाने होते. १९६० च्या दशकात ते धडाधड बंद पडू लागले, आणि त्याच सुमारास नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं हेरिंग इतकं ओरबाडलं गेलं की जवळजवळ संपलंच. समुद्र कितीही दिसला तरी त्याला तळ असतो, हे या किनाऱ्यानं तेल सापडायच्या तोंडावरच अनुभवलं होतं.

तेल सापडेल असं मात्र कुणाच्या स्वप्नात नव्हतं. नॉर्वेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १९५८ साली सरकारला लेखी कळवलं की किनाऱ्यालगत कोळसा, तेल वा गंधक मिळण्याची शक्यता सोडून द्यावी. पुढच्याच वर्षी हॉलंडमधे ग्रोनिंगेनला वायूचा प्रचंड साठा लागला आणि १९६२ मध्ये अमेरिकेची फिलिप्स कंपनी ओस्लोच्या दारात उभी राहिली: महिन्याला १,६०,००० डॉलर देतो, शोधाचा हक्क एकट्या आम्हाला द्या. सरकारनं नकार दिला. ३१ मे १९६३ रोजी आपल्या समुद्रतळावर सार्वभौम हक्क जाहीर केला आणि १९६५ मध्ये ब्लॉक वाटले ते अनेक कंपन्यांना. घाई नाही, आणि एकालाच सगळं देणं तर मुळीच नाही.

यानंतरची गोष्ट मला फार आवडते. मे १९६८ मध्ये फारुक अल-कासिम नावाचा बसऱ्याचा भूगर्भशास्त्रज्ञ ओस्लोला उतरला. बायको नॉर्वेजियन, धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी; त्याच्यावर उपचार व्हावेत म्हणून इराकमधली मोठी नोकरी सोडून आलेला. सासुरवाडीची गाडी संध्याकाळी होती. मधला वेळ काढायला तो उद्योग मंत्रालयात गेला आणि नॉर्वेत कुठकुठल्या तेल कंपन्या आहेत त्याची यादी मागू लागला. मंत्रालयात तेलाचं काम बघणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि उत्तर समुद्रातून येणाऱ्या विहिरींच्या नोंदी वाचणार कोण, हा प्रश्न. त्यांनी त्यालाच बसवून घेतलं. नोंदी वाचून अल-कासिमनं सांगितलं की इथे तेल आहे. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडलं तेव्हा फिलिप्सवाले गाशा गुंडाळायच्या बेतात होते. रिगचं भाडं भरलेलंच आहे तर आणखी एक भोक पाडू, म्हणून ती विहीर खणली असं सांगतात. म्हणजे तेही काटकसरीनंच.

१४ जून १९७१ रोजी संसदेच्या उद्योग समितीनं तेलासाठी दहा तत्त्वं मांडली. इथे त्यांना ‘दहा आज्ञा’ म्हणतात. पाचवी आज्ञा अशी की वापरण्याजोगा वायू जाळून टाकायचा नाही. चाचणीपुरता थोडा वेळ चालेल, बस. तेव्हा जागतिक तापमानवाढ हा विषय कोणाच्या तोंडी नव्हता. वायू हा पैसा आहे आणि पैसा कोणी जाळत नाही, इतका साधा हिशेब.

मी मूळची उरणची, म्हणून या आज्ञेचं मोल मला जास्त वाटतं. मुंबई हायचं तेल १९७६ पासून येऊ लागलं. तेलाबरोबर वायू येतोच, आणि तो न्यायला पुरेशी पाइपलाइन आणि घ्यायला गिऱ्हाइक नसेल तर जाळण्यावाचून गत्यंतर नसतं. लहानपणी रात्री गच्चीवरून दिसणारी ती ज्वाळा आम्हाला प्रगतीची खूण वाटे. नॉर्वेत कंपन्यांचं म्हणणं तेच होतं: पाइपलाइन परवडत नाही. अधिकारी म्हणाले, मग तेलही राहू द्या. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून समुद्रतळाशी तीनशे मीटरहून खोल चर आहे, तो ओलांडून पाइप टाकणं त्या काळी अवघड. तेव्हा पाइप उलट्या दिशेनं, जर्मनीतल्या एम्डेनला गेला आणि १९७७ पासून एकोफिस्कचा वायू तिकडे विकला जाऊ लागला.

पुढे त्याच एकोफिस्कमधे आणखी एक प्रकरण झालं. खडू दगडातून तेल-वायू उपसल्यावर दाब कमी झाला, खडक दबला आणि १९८४ मध्ये लक्षात आलं की समुद्रतळ खचतोय, प्लॅटफॉर्म खाली चाललेत. १९८७ मध्ये ते जॅक लावून सहा मीटर उचलले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर पाणी खाली दाबायला सुरुवात झाली, आणि ही अल-कासिमनं लावून धरलेली गोष्ट. आधी एकोफिस्कमधलं जेमतेम १७ टक्के तेल निघेल असा अंदाज होता, तो पन्नास टक्क्यांच्या आसपास गेला. आमच्या धंद्यात हे आकडे कीर्तनातल्या आख्यानासारखे सांगितले जातात.

दरम्यान १९७७ च्या एप्रिलमधे त्याच क्षेत्रावर ब्राव्हो प्लॅटफॉर्मची विहीर उफाळली, आठ दिवस तेल समुद्रात जात राहिलं. २७ मार्च १९८० ला आलेक्झांडर किलँड हा निवासी प्लॅटफॉर्म उलटला आणि १२३ माणसं गेली. लोकमताला तेलाची भीती वाटायला लागली ती अशी; हवेचं नंतर.

हवेचा विषय आला पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्याबरोबर. त्यांच्या पर्यावरण-विकास आयोगाचा अहवाल १९८७ चा. १९९१ मध्ये नॉर्वेनं कार्बन कर बसवला आणि तो समुद्रातल्या प्लॅटफॉर्मांनाही लावला. स्लाइप्नर क्षेत्रातल्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. विकायचा तर तो अडीच टक्क्यांच्या खाली आणणं भाग. काढलेला हवेत सोडला की कर भरा. मग १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा वाळूखडकात दाबायला लागले, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. त्याच वर्षी तेलाची कमाई साठवायच्या सरकारी निधीत पहिला भरणा झाला आणि ट्रोल हा अवाढव्य प्लॅटफॉर्म किनाऱ्यावरच्या विजेवर चालू झाला. काटकसरीचा हा कळस. पैसे वाचले, हवा वाचली, वर जगात नाव झालं.

पण काटकसर सांगते की शेवटचा थेंबही काढा. हवामानाचं गणित सांगतं की काही थेंब खालीच राहू द्या. हा पेच पाइपलाइनीनं सुटत नाही.

राजकारणाला तो आधी कळला. मार्च २००० मध्ये वायूवर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या प्रदूषण नियमांवरून पंतप्रधान बोन्डेविक यांचं सरकार पडलं. मोंगस्टादला कार्बन पकडण्याचा मोठा प्रकल्प उभारू, हे आमचं चंद्रावर उतरणं असेल, असं पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी २००७ च्या नववर्ष भाषणात सांगितलं. २०१३ मध्ये तो गुंडाळला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

लोफोटेनवर मात्र लिहायलाच हवं. दर हिवाळ्यात बॅरेन्ट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला या बेटांपाशी उतरतो, आणि हजारेक वर्षांपासून इथली माणसं तो लाकडी मांडवांवर वाळवून परदेशी विकत आली आहेत. आईला घेऊन गेले होते तेव्हा ती त्या मांडवांखाली उभी राहून म्हणाली, “अगं, हे तर आपले बोंबील. नुसतं माप मोठं.” या बेटांजवळच्या पाण्याखाली तेल असावं असा अंदाज फार जुना आहे. मच्छीमारांना सर्वेक्षणाचे धमाकेही नकोत. मासा पळतो म्हणतात. २००१ पासून एकामागून एक आघाडी सरकारं आली, प्रत्येक वेळी छोट्या पक्षांनी पाठिंब्याची किंमत म्हणून लोफोटेन बंद ठेवून घेतलं, आणि मोठ्या पक्षांनी निर्णय पुढच्या निवडणुकीवर ढकलला. २०१९ मध्ये मजूर पक्षानंही माघार घेतली. नॉर्वेत तेल जमिनीखाली राहिलं असेल तर ते कुठल्या जाहीरनाम्यामुळे राहिलं नाही. चालढकलीनं राहिलं, आणि त्या चालढकलीमागे कॉड होता.

कोर्टातली लढाई वेगळी. बॅरेन्ट्स समुद्रातल्या परवान्यांविरुद्ध ग्रीनपीस आणि एक युवक संघटना कोर्टात गेल्या. राज्यघटनेच्या कलम ११२ मध्ये निरोगी पर्यावरणाचा हक्क आहे, त्यावर त्यांची भिस्त. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या, पण चार न्यायमूर्तींनी वेगळं मत दिलं. खरा मुद्दा हिशेबवहीचा होता. नॉर्वेच्या स्वतःच्या उत्सर्जनात तेल-वायू उद्योगाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश धरतात. विकलेलं तेल दुसरीकडे जळतं ते त्या-त्या देशाच्या खात्यावर. जानेवारी २०२४ मध्ये ओस्लोच्या जिल्हा न्यायालयानं तीन क्षेत्रांच्या मंजुऱ्या अवैध ठरवल्या, कारण तिकडे जळणाऱ्याचा विचारच झाला नव्हता. आमच्या ऑफिसात त्या दिवशी चहाच्या वेळी बरेच जण कायदेपंडित झाले होते.

हिशेबाची हीच गंमत प्लॅटफॉर्मना किनाऱ्यावरून वीज देण्यातही आहे. वीज दिली की प्लॅटफॉर्मवरचा वायू जळायचा वाचतो, नॉर्वेचा आकडा खाली येतो. वाचलेला वायू युरोपला जातो आणि तिथे जळतो. मी या कामात होते, तेव्हा ते निरर्थक आहे असं म्हणणार नाही. पण हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया वायू प्रकल्पाला वीज द्यायचं २०२३ मध्ये ठरलं तेव्हा उत्तरेकडचे लोक भडकले. वीज आमची, पवनचक्क्या आमच्या सामी लोकांच्या रेनडियर चरणाऱ्या रानात, आणि वापरणार कोण तर वायूचा कारखाना? हवामान-धोरणाविरुद्ध पर्यावरणाच्याच नावानं उभं राहिलेलं हे लोकमत ओस्लोला अजून नीट पेललेलं नाही.

उलट बाजूही लोकमतच. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा संसदेनं मोठ्या बहुमतानं कंपन्यांना तात्पुरती करसवलत दिली. अट अशी की नव्या क्षेत्रांचे आराखडे २०२२ च्या अखेरीपर्यंत यावेत. ते आलेच, आणि जून २०२३ मध्ये सरकारनं एका दमात १९ प्रकल्पांना मंजुरी दिली. मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं. वायू कमी काढा म्हणणारे युरोपियन पुढारी आता जास्त काढा म्हणत होते.

सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर मजूर पक्षाचं सरकार ज्यांच्या टेकूवर उभं आहे त्यांत हरित पक्षही आहे, आणि त्याला तेल थांबवण्याची तारीख हवी आहे. मला इथे संसदेसाठी मत नाही, पासपोर्ट अजून भारतीय. पण अंदाज करायला पासपोर्ट लागत नाही. तारीख जाहीर होईल असं मला वाटत नाही. जुनी क्षेत्रं आटत चालली आहेत, उत्पादन पुढच्या काही वर्षांत उतरणारच, आणि त्या उतरण्यालाच कोणीतरी धोरण म्हणून नाव देईल. कँटीनमधे हे बोलले तेव्हा कुणी वाद घातला नाही. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं फक्त विचारलं, घर आता विकावं की दोन वर्षं थांबावं? २०१४ नंतर तेलाच्या पडझडीत स्टावांगरच्या घरांचे भाव कसे बसले होते ते त्याच्या लक्षात होतं.