पूर्णेचे सांधे

परभणी जिल्ह्यांत पूर्णा नांवाचें एक गांव आहे. त्याच नांवाची नदी तेथून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं गोदावरीस मिळते; आणि गांवच्या स्टेशनांत मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गास हिंगोली-अकोल्याकडचा मार्ग येऊन मिळतो. पहिल्या संगमास तीर्थाचा मान मिळाला; दुसऱ्यास ‘जंक्शन’ हें रुक्ष नांव मिळालें. वस्तुतः दुसरा संगमच अधिक अवघड म्हणावा लागेल. नद्या एकदां मिळाल्या कीं पुन्हां वेगळ्या व्हावयाच्या नसतात. उतार असेल तिकडे पाणी आपण होऊन जातें. लोहमार्ग मात्र एकत्रही यावयास पाहिजेत आणि हव्या त्या वेळीं वेगळेही व्हावयास पाहिजेत. शेंकडों माणसें घेऊन धांवणारी गाडी कोणत्या वाटेस लागावयाची, हें सुमारें चार इंचांच्या एका हालचालीवर ठरतें. ही हालचाल ज्या योजनेनें होते तिला आपण सांधा म्हणतों. आयुष्याचे सांधे बदलले, राजकारणाचे सांधे बदलले, असें आपण नित्य बोलतों. परंतु ज्या लोखंडी सांध्यावरून हा वाक्प्रचार भाषेंत रूढ झाला, त्याचा इतिहास सुशिक्षितांसही क्वचितच ठाऊक असतो. तो थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

सांध्याची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. बाहेरचे दोन रूळ जागचे हालत नाहींत. त्यांच्या आंतल्या बाजूस दोन रूळ तासून टोंकाशीं पात्यासारखे पातळ केलेले असतात. त्यांस जिभा म्हणूं. दोन्ही जिभा आडव्या पट्ट्यांनीं एकमेकींस जखडलेल्या असल्यामुळें एक जीभ आपल्या बाजूच्या रुळास चिकटली कीं दुसरी आपल्या रुळापासून सुटते. उजवी चिकटली तर गाडी डावीकडे वळते, डावी चिकटली तर उजवीकडे. पुढें जेथें एका मार्गाचा रूळ दुसऱ्याच्या रुळास छेदतो, तेथें चाकाची कड पार जाण्यासाठीं फट ठेवावी लागते. त्या फटींत चाक भलतीकडे शिरूं नये म्हणून समोरच्या रुळालगत एक रक्षक रूळ बसवितात. दोन वाटांमधील कोन फार लहान असतो; आपल्याकडे तो बहुधा साडेआठास एक किंवा बारास एक या प्रमाणांत असतो.

दोन मार्ग एकत्र होतात त्या बाजूनें गाडी सांध्यावर आली तर विशेष भय नसतें. परंतु जिभांच्या टोंकांकडून ती आली म्हणजे सर्व भार त्या पातळ टोंकावर येतो. जीभ पुरती चिकटली नसेल, मध्यें गिट्टीचा एखादा खडा अडकला असेल, किंवा गाडी वरून जात असतांनाच कोणीं सांधा फिरविला, तर पुढचीं चाकें एका वाटेस व मागचीं दुसऱ्या वाटेस लागतात. या एका भीतीपोटीं पुढील सर्व शोध लागले, असें म्हटलें तरी चालेल.

आरंभींच्या लोहमार्गांवर रुळांचे तुकडेच सरकवून दुसऱ्या मार्गाशीं जुळवीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत इंग्लंडमध्यें चार्ल्स फॉक्स यानें जिभांचा सांधा प्रचारांत आणिला. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनाचा प्रसिद्ध स्फटिकमहाल पुढें ज्याच्या कंपनीनें बांधिला, तोच हा फॉक्स. त्याच्या सांध्यानें गाडी वळविण्याचा प्रश्न सुटला. पण माणसाच्या विस्मरणाचा प्रश्न राहिलाच. सांधा फिरविणारा एक, सिग्नल पाडणारा दुसरा. किंवा एकच माणूस दोन्ही कामें करणारा, परंतु रात्रपाळीनें थकलेला. सांधा डावीकडचा आणि सिग्नल उजवीकडचा, असें झालें म्हणजे गाडी हांकणाऱ्यास समजावें तरी कसें?

यावरील उपाय १८५६ सालीं जॉन सॅक्स्बी यानें पेटंट घेतलेल्या योजनेपासून सुरू झाला. सांध्यांचे आणि सिग्नलांचे दांडे एका चौकटींत शेजारीं शेजारीं आणून त्यानें त्यांची सांगड घातली. पुढील कांहीं वर्षांत तींत सुधारणा होत गेली आणि ‘इंटरलॉकिंग’ म्हणजे परस्परबंधन ही पद्धति सिद्ध झाली. चौकटीखालीं लोखंडी पट्ट्यांना खांचा असतात व त्या खांचांत ठोकळे बसतात. एक दांडा ओढला कीं त्याचा ठोकळा दुसऱ्याच्या खांचेंत शिरतो, आणि विरोधी दांडा कितीही जोर केला तरी हालत नाहीं. म्हणून केबिनमधील मनुष्यास क्रम पाळावाच लागतो. आधीं काळा दांडा, तो सांध्याचा. मग निळा, तो कुलपाचा. शेवटीं तांबडा, तो सिग्नलचा. कुलूप म्हणजे जिभांच्या आडव्या पट्टीच्या खांचेंत शिरणारी एक कडी. जीभ पुरती चिकटल्यावांचून ती खांचेंत जात नाहीं, आणि कडी गेल्यावांचून सिग्नल पडत नाहीं. शिवाय रुळालगत एक लांब पट्टी असे. गाडीचें एक जरी चाक तिच्यावर असलें तरी ती उचलली जात नसे, आणि ती उचलल्याखेरीज कुलूप निघत नसे. अशा रीतीनें ‘लक्षांत ठेव’ हा उपदेश लोखंडांत उतरविला गेला. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा येथें ८० माणसें दगावली. तो अपघात सांध्याचा नसून चढावरून मागें सुटलेल्या डब्यांचा होता. तथापि त्यानें जनमत इतकें हादरलें कीं त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें उतारूंच्या मार्गांवर परस्परबंधनही सक्तीचें झालें. हिंदुस्थानांत १८९० नंतरच्या दशकांत वायव्येकडील रेल्वेवर लिस्ट व मोर्स यांच्या नांवानें ओळखली जाणारी पद्धति सुरू झाली, आणि तेथून ही विद्या इकडे पसरूं लागली.

सुमारें त्याच सुमारास परभणीस रेल्वे येत होती. निजामाच्या राज्यांत वाडी ते सिकंदराबाद हा रुंद मार्ग १८७४ सालीं सुरू झाला होता; परंतु मराठवाडा त्यापासून दूरच राहिला. पुढें १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नांवानें मनमाड ते हैदराबाद हा सुमारें ३९० मैलांचा मीटर मापाचा मार्ग झाला. शेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा हीं स्टेशनें त्यावरचीं. १९१२ सालीं पूर्णेहून हिंगोलीस फांटा गेला आणि पूर्णा हें जंक्शन झालें. गाड्या थोड्या, मार्ग एकेरी. अशा मार्गांवरील लहान स्टेशनांत सांधे बहुधा हातानेंच फिरवीत. सांधेवाल्यानें सांधा लावावयाचा, त्यास कुलूप घालावयाचें आणि किल्ली नेऊन द्यावयाची. ती किल्ली हातीं आल्यावांचून सिग्नल पाडतां येऊं नये, अशी योजना असे. परस्परबंधनाचें हें गरीबाघरचें रूप. परंतु तत्त्व तेंच. कंदील, किल्ली आणि तेलाचें भांडें घेऊन रुळांमधून हिंडणारा सांधेवाला रेल्वेच्या नोकरांत सर्वांत कमी पगाराच्या लोकांपैकीं एक असे, आणि सर्वांत मोठी जोखीम त्याच्याच हातीं असे.

मोठ्या स्टेशनांत केबिनीपासून सांध्यापर्यंत लोखंडी दांड्या नेत. येथें मराठवाड्याच्या उन्हाशीं गांठ पडते. परभणीचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो, आणि हिवाळ्यांतल्या पहाटे तर पारा दहाच्या खालीं उतरतो. एकाच दिवसांत उन्हांत तापलेल्या लोखंडाचें उष्णमान सहज ३० अंशांनीं वाढतें. दोनशें मीटर लांबीची पोलादी दांडी एवढ्या फरकानें सुमारें ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच वाढते. जिभेची सारी हालचाल चार इंचांची. तींतले तीन इंच ऊन्हच खाऊन टाकील, तर सकाळीं नीट बसलेला सांधा दुपारीं उघडा राहावयाचा! यावर युक्ति अशी कीं, दांडी मध्यावर तोडून तेथें एक दुहेरी तरफ बसवावयाची. तिच्यामुळें अलीकडचा अर्धा भाग पुढें ढकलला कीं पलीकडचा मागें ओढला जातो. दोन्ही अर्धे सारखेच तापतात, आणि एकाची वाढ दुसऱ्याच्या वाढीनें फिटते. माणसाच्या हाताचा जोर मात्र पलीकडे पोंचतो. उन्हाशीं झगडत न बसतां उन्हालाच उन्हाविरुद्ध उभें करण्याची ही कल्पना मोठी मार्मिक आहे.

येथवर जें सांगितलें त्यावरून वाचकांस वाटेल कीं, चूक होण्याची प्रत्येक वाट या शास्त्रानें बंद केली. परंतु पूर्णेच्या इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यापुढें कोणत्याही सांध्याचा इलाज चालला नाहीं. ती म्हणजे रुळांचें माप.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग साडेपांच फूट रुंदीचा. १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या कारकीर्दींत खर्च वांचविण्यासाठीं दुय्यम मार्गांकरितां एक मीटरचें माप ठरलें, आणि पुढें गोदावरी खोऱ्यांतील मार्गासही तेंच लागू झालें. मनमाडला दोन्ही मार्ग एकमेकांपाशीं आले, पण भेटले नाहींत. सांधा गाडीची दिशा बदलूं शकतो. तिच्या चाकांमधील अंतर बदलूं शकत नाहीं. तिसरा रूळ टाकून एकाच बांधावरून दोन्ही मापांच्या गाड्या नेतां येतात, हें खरें. परंतु एका मापाचा डबा दुसऱ्या मापावर चढवितां येत नाहीं. त्यामुळें परभणी, शेलू, मानवत येथील कापसाचे गठ्ठे रेल्वेनें मुंबईस जावयाचे तर मनमाडला एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावे लागत, आणि उतारूंनाही तेथें गाडी बदलावी लागे. न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, स्वस्त माप नसतें तर हा मार्ग कदाचित् आणखी पुष्कळ वर्षें झालाच नसता. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाच्या त्या काळांत अरुंद कां होईना पण धान्य आणणारी गाडी असणें, हें नसण्यापेक्षां शतपटीनें बरें होतें. दोष मूळ निर्णयाचा कमी. तो वेळींच न बदलल्याचा अधिक.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबादचें संस्थान भारतांत आलें, आणि १९५१ सालीं निजामाची रेल्वे मध्य रेल्वेंत सामील झाली. राज्य बदललें, पाटी बदलली. माप तेंच राहिलें. हिंगोलीचा फांटा पुढें अकोला-खांडव्याकडे जोडला गेल्यावर पूर्णेहून थेट राजस्थानपर्यंत मीटर मापाचा सलग मार्ग झाला, आणि पूर्णेस इंजिनांची मोठी शाळा नांदूं लागली. तरीही मुंबई दूरच राहिली. रुंद मार्गाची मागणी मराठवाड्यांत पिढीभर चालली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या, निजामाशीं लढलेल्या नेत्यांनीं ती मराठवाड्याच्या विकासाच्या प्रश्नांत अग्रभागीं ठेविली. अखेर १९९० नंतरच्या दशकांत मनमाडकडून रुंद रूळ परभणी-पूर्णेपर्यंत आले. अकोल्याकडील मार्गाचें रूपांतर त्यापुढच्या दशकांत झालें. मधल्या वर्षांत पूर्णा स्टेशनांत दोन्ही मापांचे रूळ शेजारीं शेजारीं होते. एकाच छताखालीं उभ्या असलेल्या दोन गाड्यांमध्यें सांधा नाहीं, अशी ती स्थिति होती.

आतां सांधे बहुतेक ठिकाणीं विजेच्या यंत्रानें फिरतात. जीभ व रूळ यांच्यामध्यें ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरला तर यंत्रानें कुलूप लावतां कामा नये, अशी परीक्षा नियमितपणें घेतात. म्हणून आतां निर्धास्त राहावें काय? २ जून २०२३ रोजीं ओडिशांतील बालासोर जिल्ह्यांत बहानगा बाजार स्टेशनांत सिग्नलनें मुख्य मार्ग मोकळा दाखविला, आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गास लागलेला होता. त्या मार्गावर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसें प्राणास मुकलीं. चौकशींत दिसून आलें कीं, दोष सांध्यावर काम करणाऱ्या हाताचा नव्हता. सिग्नलच्या तारांच्या जोडणींत पूर्वीं व त्याच दिवशीं केलेल्या फेरफारांत तो होता. सॅक्स्बीनें जो घोटाळा अशक्य करावयाचें मनांत आणिलें, तोच घोटाळा बंधनाच्या अंतरंगांत हात घालणाऱ्यांकडून झाला.

या सर्व इतिहासाचा मथितार्थ माझ्या मतें असा आहे. जसजसें यंत्र सुधारलें, तसतशी जबाबदारी सांधेवाल्याच्या हातांतून निघून योजना करणाराकडे सरकत गेली. सांधेवाल्याची चूक एका निमिषांत अडविणारें कुलूप आपण शोधून काढलें. परंतु माप ठरविणाराची चूक दुरुस्त व्हावयास मराठवाड्यास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्या चुकीस कोणतेंही कुलूप नव्हतें. तरीही कोठें अपघात झाला म्हणजे आपण प्रथम विचारतों तें, “सांधेवाला कोण होता?” हा प्रश्न विचारूं नये असें नाहीं, पण तेथेंच थांबूं नये. सांधा कोणीं आंखला, तार कोणीं जोडली, ती तपासली कोणीं, आणि तपासल्याची सही कोणीं केली, हेही प्रश्न तितक्याच मोठ्यानें विचारले पाहिजेत. पूर्णेच्या रुळांवर आजही कोणी तरी उन्हांत वांकून जिभेखालची खडी काढीत असतो व वंगण घालीत असतो. आपलें काम तो चोख करतो, या विश्वासावर आपण रात्रीं गाडींत निजतों. त्याच्या वरच्या प्रत्येकाकडून तेवढाच चोखपणा मागण्याचा आपणांस अधिकार आहे.