शेपटीला पंख

एखाद्या गोष्टीचा काडीचाही उपयोग नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ती बनवली जाते, विकली जाते आणि लोक तिच्यासाठी चार पैसे जास्तही मोजतात. असं का होत असावं, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. मोटारगाड्यांचा इतिहास वाचायला लागल्यापासून तर जरा जास्तच. कारण गाडी म्हणजे यंत्र, आणि यंत्रातल्या प्रत्येक नटबोल्टाला काहीतरी काम असतं अशी आपली भाबडी समजूत. प्रत्यक्षात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत गाड्यांवर इतक्या निरुद्योगी वस्तू येऊन बसल्या आहेत की त्यांचं एक वेगळं संग्रहालय काढावं.

यातल्या काही बिचाऱ्या एके काळी कामाच्या होत्या. गाडीच्या नाकावरच्या मूर्तीचंच बघा. पूर्वी रेडिएटरचं झाकण बॉनेटच्या बाहेर, अगदी पुढ्यात असे. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत त्या झाकणावर बसवायचा एक तापमापक निघाला, बॉइस मोटोमीटर नावाचा. पाणी किती तापलंय ते ड्रायव्हरला जागेवर बसून समोरच्या काचेतून दिसे. हौशी लोक त्याच झाकणावर पऱ्या, पक्षी, प्राणी बसवत. रोल्स-रॉइसची ती पुढे झुकलेली बाई १९११ पासून तिथे उभी आहे. पुढे झाकण बॉनेटखाली गेलं, तापमापक डॅशबोर्डवर आला, पण मूर्ती काही हलल्या नाहीत. रिटायर होऊनही रोज ऑफिसात येऊन बसणाऱ्या साहेबांसारख्या त्या तिथेच राहिल्या.

अमेरिकेतल्या शववाहिन्यांच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'एस'च्या आकाराची एक चकचकीत पट्टी दिसते. दुमडत्या छपराच्या घोडागाड्यांना (आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरियाचा हुड आठवा) छप्पर उघडमीट करायला बाजूला लोखंडी सांधे असत, त्यांची ही नक्कल. शववाहिनीचं छप्पर पक्क्या पत्र्याचं. ते कोणी उघडणार नाही, आणि आतल्या प्रवाशाला वाऱ्याची गरजही नाही. तरी पट्टी आहेच! तीच गत लाकडाची. अमेरिकन स्टेशन वॅगनचा सांगाडा सुरुवातीला खरोखरच सुताराने घडवलेला असे. पन्नाशीच्या दशकात सगळं पत्र्याचं झालं आणि त्या पत्र्यावर लाकडाचं चित्र असलेला कागद चिकटवायला सुरुवात झाली. फोर्डची कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये बंद झाली, तोवर ते खोटं लाकूड तिच्या अंगावर होतं.

या वस्तूंचा मला राग येत नाही. त्या जुन्या कामाची आठवण आहेत. आपल्या कोटाच्या बाहीवर उगाच तीन-चार बटणं असतात, तसंच.

पण दुसरी एक जात आहे, जिला पहिल्या दिवसापासून काहीच काम नव्हतं. १९४९ च्या ब्युइक गाडीच्या पुढच्या मडगार्डांवर ओळीने गोल भोकं होती. नेड निकल्स या डिझायनरने आधी आपल्या स्वतःच्या गाडीला अशी भोकं पाडून आत दिवे बसवले होते. लढाऊ विमानाच्या इंजिनातून ज्वाळा निघाव्यात तसे ते लुकलुकत. वरिष्ठांना कल्पना आवडली. दिवे गेले, भोकं राहिली. कंपनीने सांगितलं की यातून इंजिनाला हवा मिळते, पण लवकरच ती आतून बंदच करून टाकली. महागड्या रोडमास्टरला चार भोकं आणि बाकीच्यांना तीन. म्हणजे शेजाऱ्याने कितीची गाडी घेतली हे विचारायला नको, भोकं मोजली की झालं! आठ वर्षांनी, १९५७ मध्ये, कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रूअम गाडीत अत्तराची फवारणी आणि पेले डगमगू नयेत म्हणून लोहचुंबक, इथपर्यंत मजल गेली.

या जातीचा मुकुटमणी म्हणजे टेलफिन, गाडीच्या शेपटीवरचे ते दोन पंख. त्यांची गोष्ट जरा नीट सांगतो.

१९४१ साली जनरल मोटर्सचा डिझाईनप्रमुख हार्ली अर्ल याने आपल्या माणसांना डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज या लष्करी विमानतळावर एक नवं विमान बघायला नेलं. लॉकहीडचं पी-३८ लायटनिंग. या विमानाला मागे दोन लांब दांडे आणि त्यांच्या टोकांना दोन उभी सुकाणं होती. पोरं बघतच राहिली. मग युद्ध आलं, गाड्यांचे कारखाने रणगाडे आणि विमानं बनवू लागले. युद्ध संपल्यावर, १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांशी पत्र्याचे दोन लहानसे उंचवटे उगवले. ते पी-३८ चं शेपूट होतं.

विमानाच्या उभ्या सुकाणूला काम असतं, ते विमान सरळ ठेवतं. बाजारात जाण्याच्या वेगाने पळणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? काहीही नाही. पण पंख विकले गेले. नुकतंच युद्ध जिंकलेल्या देशाला आपल्या दारात विमान उभं असल्यासारखं वाटत असणार. मग चढाओढ लागली. क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्स्नरने १९५७ च्या गाड्यांना सणसणीत उंच पंख दिले, आणि त्यामुळे वेगात गाडी स्थिर राहते असा कंपनीचा दावा होता. उत्तरादाखल १९५९ ची कॅडिलॅक आली. आजवरचे सर्वांत उंच पंख आणि प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन लाल दिवे. त्या वर्षीचा तिचा फोटो मिळाला तर जरूर बघा. हसावं की हात जोडावेत कळत नाही.

ही गंमत फुकट नव्हती. फिशर, ग्रिलिकेस आणि केसन या तीन अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्ये हिशेब मांडला की १९४९ ची गाडी तशीच ठेवली असती, तर दरसालच्या बदलांवरचा किती खर्च वाचला असता. यात वाढलेली लांबी-रुंदी, ताकद आणि जास्तीचं पेट्रोल हे सगळं धरलं होतं. १९५६ ते १९६० या काळासाठी उत्तर आलं : वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर.

आता १९५९ या वर्षापाशी क्षणभर थांबा, कारण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते या एका वर्षामुळे.

त्याच १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने आपल्या गाड्यांना तीन ठिकाणी अडकवलेला सीटबेल्ट बसवायला सुरुवात केली. नील्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने तो घडवला होता. हा गृहस्थ आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत असे. म्हणजे बघा, विमानांच्या दुनियेतून अमेरिकेने शेपूट उचललं आणि स्वीडनने वैमानिकाला वाचवायची विद्या! व्होल्वोने त्या पट्ट्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही खुलं ठेवलं.

आणि त्याच वर्षी जर्मनीत मर्सिडीझची डब्ल्यू १११ ही गाडी आली. तिच्यात दोन्ही गोष्टी होत्या. मागे छोटे पंख होते. जर्मन माणसाला निव्वळ नखरा कबूल करणं जड जात असावं, म्हणून कंपनी सांगे की गाडी मागे घेताना कोपरा कुठवर आहे हे कळावं म्हणून ते आहेत. आणि पत्र्याच्या आत बेला बारेन्यी या इंजिनिअरची एक कल्पना होती : टक्कर झाली तर गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळावा, धक्का त्यात जिरावा आणि मधला, माणसं बसण्याचा भाग शाबूत राहावा. आज जवळपास प्रत्येक गाडी याच तत्त्वावर बनते. पण त्या गाडीला जर्मनीत आजही कोणत्या नावाने ओळखतात? 'हेकफ्लोसे'. म्हणजे शेपटीचे पंख. जीव वाचवणारी गोष्ट आत होती, कोणाला दिसली नाही. लोकांच्या लक्षात राहिले ते पंख.

अमेरिकेत १९५६ मध्येच फोर्डने पट्टे आणि मऊ डॅशबोर्ड जादा पैसे घेऊन देऊ केले होते. त्या वर्षी शेवरोले गाड्या जास्त खपल्या. कारणं अनेक असतील, पण 'सुरक्षितता विकली जात नाही' हा समज डेट्रॉइटमध्ये पक्का झाला. १९६५ मध्ये राल्फ नेडरचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' आलं. त्यात गाडीबाहेरच्या माणसांचाही विचार होता. हे टोकदार पंख आणि दागिने रस्त्यावरून चालणाऱ्यांना कसे इजा करतात, हे त्याने लिहिलं. १९६६ मध्ये तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे बसवणं सक्तीचं. पंख तोवर आपोआप मावळले होते. नवल संपलं की नखऱ्याला किंमत राहत नाही.

तिथे मावळले, पण आमच्याकडे राहिले!

इटलीच्या फियाटने १९५७ मध्ये आपल्या ११०० या साध्यासुध्या गाडीला अमेरिकन फॅशनचे छोटेसे पंख दिले होते. त्या गाडीची पुढची आवृत्ती साठच्या दशकात मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनू लागली. ही कंपनी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली. १९७४ मध्ये गाडीचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं, आपण मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलो. लायसन्स राजमध्ये गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. मग आकार बदलायची गरज कोणाला? अमेरिकेत गिऱ्हाईक मिळावं म्हणून पंख उगवले, इथे गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं म्हणून ते टिकले. अशा रीतीने पी-३८ चं शेपूट डेट्रॉइट, तूरिन आणि कुर्ला असा प्रवास करून काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या मागे येऊन बसलं आणि एकविसाव्या शतकातही मुंबईच्या रस्त्यांवर फिरत राहिलं. नोंदणीची वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले.

आमच्या मामांकडेही फियाट होती. मामेभावंडं वाचत असतील तर त्यांना आठवेल, त्या पंखांचा उपयोग आम्हा पोरांना एकच ठाऊक होता : लपंडावात राज्य आलं की त्यावर कपाळ टेकून शंभरापर्यंत आकडे म्हणायचे. त्याच गाडीतून आम्ही पुढे चार आणि मागे सहा असे गणपतीला गावी जायचो. मी आईच्या मांडीवर, पुढच्या काचेपासून हातभर अंतरावर. पट्टा एकही नव्हता आणि तो नाही हे जाणवायला पट्टा म्हणजे काय ते कोणाला माहीत असायला हवं ना. पंख मात्र दोन्ही बाजूंना व्यवस्थित होते. घाटात दरीच्या कडेने जाताना आमच्याकडे शेपूट होतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे पुढच्या सीटना पट्टे सक्तीचे झाले. पुढे गाड्या पट्टा लावला नाही तर टुंगटुंग वाजू लागल्या. आणि मग बाजारात आली ती माझ्या मते मोटारीच्या इतिहासातली सर्वांत विचित्र वस्तू. सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची एक क्लिप. नुसतं पट्ट्याचं टोक, मागे पट्टा नाही. ती अडकवली की गाडीला वाटतं माणूस बांधला गेला, आणि टुंगटुंग बंद. वर कोणी तिच्यावर देवाचं चित्र लावतं, कोणी गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह.

२०२१ या एका वर्षात भारतात पट्टा न लावलेले १६,३९७ लोक अपघातांत गेले, असं रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातले ७,९५९ प्रवासी होते, ड्रायव्हर नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांनी सांगितलं की पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर सरकारने या क्लिपांकडे लक्ष दिलं आणि मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन दुकानांना त्या काढायला लावल्या. तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरल्या.

पंखांनी निदान काही ढोंग केलं तर ते सुंदर दिसण्याचं. ही क्लिप पट्टा असल्याचं ढोंग करते. पूर्वीच्या निरुपयोगी वस्तू कामाच्या वस्तूशेजारी गुमान बसून असत, ही तिच्या जागेवर बसते.

असो. या ब्लॉगवर येणारी निम्मी मंडळी नात्यातली आहेत, म्हणून हक्काने सांगतो. कॅसेटच्या जमान्यातला टेप असू द्या, डॅशबोर्डवरचा मान हलवणारा कुत्रा असू द्या, लिंबू-मिरचीही असू द्या. पण कोणाच्या गाडीत ती क्लिप असेल तर आज काढून टाका. आणि मागे बसणाऱ्या आईबाबांना, आजीला, पट्टा लावायला सांगा. त्या कुरकुरतील. तरी सांगा.