बागेतली मैफल आणि एक शिलिंग

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिल्पबागेत उन्हाळ्यात ज्या मैफली होत आल्या, त्यांचं नाव 'समरगार्डन'. १९७१ साली मोबिल या तेल कंपनीच्या देणगीवर हा उपक्रम सुरू झाला. आठवडाअखेरच्या संध्याकाळी बाग सगळ्यांना फुकट खुली करायची, एवढीच मूळ कल्पना होती. १९८७पासून व्हायोलिनवादक पॉल झुकॉफ्स्की यांनी कार्यक्रमांची सूत्रं हाती घेतली, ज्युलियार्ड या संगीतशाळेतले तरुण वादक वाजवू लागले आणि बाग नव्या, अनोळखी संगीताचा अड्डाच बनली. १९९२च्या उन्हाळ्यात तिथे जॉन केज यांचं संगीत वाजत होतं. त्याच ऑगस्टमध्ये केज गेले.

चित्रांच्या घरात गाणं कशाला, असा प्रश्न अशा मैफलींबद्दल हमखास निघतो. गर्दी खेचायची युक्ती म्हणून त्यांची बोळवण होते. मला हे अजिबात पटत नाही. या मैफलीचा माग काढत मागे गेलं, तर कळतं की गाणं संग्रहालयात पाहुणं म्हणून आलेलं नाही. रंगवलेली चित्रं आणि वाजणारी वाद्यं पूर्वी एकाच बागेत नांदत होती. त्यांची वाटणी नंतर झाली.

समरगार्डनच्या आधी याच जागेत 'जॅझ इन द गार्डन' होतं, १९६०च्या दशकात. त्यातली एक संध्याकाळ आजही ऐकता येते. १७ जून १९६५ रोजी सॉनी रॉलिन्स यांनी बागेत सॅक्सोफोन वाजवला. त्याची ध्वनिमुद्रिका पुढे १९७८ साली निघाली. रॉलिन्स एका जागी उभे राहत नाहीत. वाजवता वाजवता ते फिरतात आणि मायक्रोफोनपासून लांब जातात, मग सूर बारीक होतो. परत येतात तसा तो अंगावर येतो. ध्वनिमुद्रणाच्या हिशेबात हा दोष धरतात. मला मात्र त्यात बाग ऐकू येते, तिची लांबी-रुंदी कानाला कळते.

ती बाग वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी १९५३ साली रचली. संगमरवरी फरसबंदी, पाण्याचे दोन हौद, झाडांखाली शिल्पं. छप्पर नसलेला दिवाणखाना म्हणावा अशी. दोनच वर्षांनी, १९५५च्या वसंतात, संग्रहालयाने भारतीय वस्त्रं आणि अलंकारांचं मोठं प्रदर्शन मांडलं. त्याच्या जोडीने व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्या पुढाकाराने अली अकबर खाँ यांचं सरोद झालं, तबल्यावर चतुरलाल होते. ते बागेत नव्हे, आतल्या सभागृहात झालं. पण अमेरिकेने आपलं रागसंगीत एका चित्रसंग्रहालयाच्या आसऱ्याने ऐकलं, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

आता अटलांटिक ओलांडून शंभरेक वर्षं मागे. लंडनचं साउथ केन्सिंग्टन म्युझियम १८५७ साली उघडलं. आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ते हेच. दिवसभर राबणाऱ्यांना येता यावं म्हणून गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळीही खुलं ठेवत. त्याच्या इमारती उभारणारे कॅप्टन फ्रान्सिस फोक यांनीच १८६१ साली शेजारच्या उद्यानात बँडस्टँड बांधले. लोखंडी खांब, वर घुमट, चहूबाजूंनी मोकळं. असे बँडस्टँड मग साम्राज्यभर उगवले. मुंबईत कूपरेजला आहे आणि वांद्र्याच्या तर अख्ख्या किनाऱ्याला त्याचं नाव पडलं आहे. संग्रहालय आणि बँड यांचा आराखडा एकाच माणसाच्या मेजावर होता, हे महत्त्वाचं. पण वाटणीही इथेच दिसते: बँड बाहेर, चित्रं आत, मध्ये भिंत.

ती भिंत नव्हती तेव्हाची जागा म्हणजे लंडनचं व्हॉक्सहॉल. थेम्सच्या दक्षिण काठावरची ही बाग जोनाथन टायर्स यांनी १७२९ साली चालवायला घेतली. तेव्हा तिची कीर्ती बरी नव्हती. टायर्स यांना ती सुधारायची होती, आणि त्यांनी हाताशी धरले ते चित्रकार, शिल्पकार नि संगीतकार. झाडांच्या राईत वाद्यवृंदासाठी मंडप उभा राहिला. समोर जेवणाचे कप्पे, एका बाजूने उघडे. त्या कप्प्यांच्या मागच्या बाजूला फ्रान्सिस हेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेली मोठमोठी चित्रं लावली: मुलांचे खेळ, नाटकातले प्रसंग, जत्रेतली माणसं. समकालीन इंग्रजी चित्रं सर्वसामान्यांना पाहायला मिळतील अशी दुसरी जागा तेव्हा लंडनमध्ये शोधून सापडली नसती. रॉयल अकॅडमी स्थापन व्हायला १७६८ उजाडावं लागलं. तोवर लोक बागेत गार मांस खात, कानावर ऑर्गन घेत चित्रं बघत होते. चित्रकार विल्यम होगार्थ यांनी टायर्सना मदत केली. त्याबद्दल त्यांना आजन्म प्रवेशाचं सोन्याचं तिकीट मिळालं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

१७३८ साली टायर्स यांनी तरुण शिल्पकार रूबिलिआककडून हँडलचा संगमरवरी पुतळा करवून बागेत बसवला. हँडल तेव्हा हयात होते. राजा नाही, सेनापती नाही, एक संगीतकार, आणि तोही डोक्यावर घरगुती मऊ टोपी, पायात सपाता, एक सपाता सुटलेली, असा ऐसपैस बसलेला. हातात मात्र अपोलोची वीणा. समोरच्या मंडपात त्याच माणसाचं संगीत वाजत असे. एप्रिल १७४९मध्ये त्यांच्या 'फायरवर्क्स' संगीताची रंगीत तालीम इथे झाली. तेव्हाच्या वृत्तानुसार बारा हजार लोक आले आणि लंडन ब्रिजवर तीन तास गाड्या तुंबल्या.

एरवी हे सगळं एका शिलिंगात. त्या पैशात युवराज आणि दुकानदार एकाच पायवाटेवर चालत, एकच गाणं ऐकत. शिलिंग अगदीच कमी नव्हता, मजुराला परवडण्यातला तर नव्हताच. पण दर्जा विचारून आत सोडणाऱ्या त्या शहरात नुसत्या पैशांवर दार उघडणं हेही धाडसच होतं. १७९२ साली दर दुप्पट झाला. पुढच्या शतकात फुगे आणि कसरती वाढल्या, चित्रांची रया गेली, आणि १८५९ साली बाग कायमची बंद पडली.

तिच्या उरल्यासुरल्या चित्रांपैकी काही आणि हँडलचा पुतळा साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आहेत. पुतळा तिथे दाखल झाला १९६५ साली, म्हणजे रॉलिन्स न्यूयॉर्कच्या बागेत वाजवत होते त्याच वर्षी. आज तो बघायला शिलिंगही लागत नाही.