न्यायासनापुढे न जाता शिक्षा झालेला गायक

आम्दो हा तिबेटी भूमीचा ईशान्य भाग आज मुख्यतः चीनच्या चिंगहाय प्रांतात मोडतो. तेथील हनान परगण्याचे सरकारी नाव ‘मंगोल स्वायत्त परगणा’. परंतु तेथील मंगोलांच्या घरांतही आता आम्दो तिबेटीच बोलली जाते. दप्तरातील नोंद आणि ओठांवरील भाषा यांतील हे अंतर सीमाभागातील वाचकांस समजावून सांगावे लागू नये. याच परगण्यातून ताशी धोंडुप हा लोकप्रिय गायक पुढे आला.

१९८० च्या दशकात पालगोनसारख्या कलावंतांमुळे आम्दोत ‘दुंगलेन’ हा गानप्रकार घरोघरी पोचला. मेंडोलिनच्या तारा छेडत आपल्या बोलीत गावे, एवढीच त्याची सामग्री. लोकप्रिय गीत हे तेथे मातृभाषेचे व स्मृतीचे वाहन ठरले.

१९५८ मध्ये आम्दोतील उठाव चिरडला गेला. २००८ मध्ये तिबेटी प्रदेशांतील निदर्शने दडपली गेली. ताशीने ही दोन साले एका गीतात शेजारी ठेवली आणि त्याला प्रथम अटक झाली. तो गप्प बसला नाही. २००९ मध्ये, खुणा मागे न ठेवणाऱ्या छळाचे नाव धारण करणारा त्याचा गीतसंग्रह निघाला. त्याच डिसेंबरात शीनिंग शहरात तो पकडला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये त्याला पंधरा महिन्यांचे ‘श्रमाद्वारे पुनर्शिक्षण’ फर्मावण्यात आले. तेव्हा तो तिशीचा होता.

कायद्याचे अभ्यासक म्हणून आम्हांस या शब्दांपाशी थांबावेसे वाटते. १९५७ पासूनची ही शिक्षा प्रशासकीय होती. ती ठोठावण्यासाठी खटला चालवावा लागत नसे, न्यायाधीशाची गरज नसे. तरीही माणूस तीन वर्षे, प्रसंगी चार वर्षे, डांबता येई. त्याच देशाच्या १९८२ च्या संविधानाचे चौथे कलम प्रत्येक समाजास आपली भाषा वापरण्याचे व वाढविण्याचे स्वातंत्र्य देते. पस्तिसावे कलम भाषणस्वातंत्र्य देते.

ताशी फेब्रुवारी २०११ मध्ये सुटला. डिसेंबर २०१३ मध्ये ती शिक्षापद्धतीही रद्द झाली. परंतु त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत लोलो या दुसऱ्या तिबेटी गायकास सहा वर्षांची कैद झाली होती. शिक्षेचे नाव बदलले, गाणाऱ्याचे भय तेच राहिले. भाषेचा हक्क कलमात लिहिला म्हणून मिळत नाही. त्या भाषेत सत्तेला न रुचणारे गाणाऱ्यास निर्भयपणे घरी परतता आले, तरच तो मिळाला असे आम्ही मानतो.